वर्गणीचा रकाना कोणी पुसला? जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
आमची जिल्हा परिषद

विषय : कर्मचारी संघटनांच्या वर्गणीची वेतनातून होणारी कपात बंद केल्याबाबत

महोदय,

आपल्या अर्थ विभागाचे एक पानाचे पत्र मार्चअखेरीस सर्व पंचायत समित्यांना पोहोचले. एप्रिलच्या वेतन देयकापासून कोणत्याही कर्मचारी संघटनेची वर्गणी वेतनातून कापू नये, आधीपासून कपात होत असल्यास ती थांबवावी आणि संघटनांनी आपली वर्गणी स्वतःच्या स्तरावर गोळा करावी, एवढाच त्याचा मजकूर आहे. कारण एका ओळीत दिले आहे : शासकीय यंत्रणा खासगी वसुलीसाठी वापरता येणार नाही. पत्र लहान असले तरी ते मी चार वेळा वाचले, कारण ज्या रकान्याविषयी ते काढले आहे तो रकाना मी 29 वर्षे माझ्या हाताने भरला आहे.

मी याच जिल्हा परिषदेच्या एका पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून 2019 मध्ये सेवानिवृत्त झालो. 1990 पासून निवृत्तीपर्यंत वेतन देयके तयार करणे हेच माझे मुख्य काम होते. त्याआधी तीन वर्षे मी संघटनेचा तालुका कोषाध्यक्ष होतो. म्हणजे वर्गणी मागत फिरणारा माणूसही मीच होतो आणि पुढे ती देयकात कापणारा लिपिकही मीच झालो. माझी सून आज याच जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका आहे. जंगलालगतच्या एका उपकेंद्रात ती काम करते. तिच्या एप्रिलच्या वेतनचिठ्ठीत वर्गणीचा 30 रुपयांचा रकाना कोरा आला, तेव्हा तिने मला सहज विचारले, "बाबा, मी तर नाव काढा असे कोणाला सांगितले नव्हते, मग हे कोणी काढले?" तिच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून तो प्रश्न मी आपल्याकडे पाठवीत आहे.

हे पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, सेवेत असलेल्यांना वर्तणूक नियमांचा धाक असतो आणि मला तो आता उरलेला नाही. जिल्ह्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्या कार्यालयाची बदनामी करण्यात मला रस नाही, आणि असेच एक पानाचे पत्र उद्या वर्धेच्या किंवा पैनगंगेच्या पलीकडच्या कार्यालयातूनही निघू शकते.

हा रकाना आला कसा, ते आजच्या अधिकाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून थोडे मागे जातो. 1987 साली पगार रोखीने मिळत असे. पगाराच्या दिवशी तालुक्यातले ग्रामसेवक, परिचर, आरोग्य कर्मचारी पंचायत समितीच्या व्हरांड्यात जमायचे, रोखपाल नोटा मोजून द्यायचा, आणि बाहेर कडुनिंबाखाली मी पावतीपुस्तक घेऊन बसायचो. जो समोर यायचा तो दोन रुपये द्यायचा. जो यायचा नाही त्याच्याकडे मी रविवारी सायकलने जायचो. पावसाळ्यात नाल्याला पूर असला की अलीकडच्या काठावर बसून पाणी उतरण्याची वाट पाहायची, आणि उन्हाळ्यात पहाटे निघून नऊच्या आत परत यायचे, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी सायकल चालवणे म्हणजे आजारपण ओढवून घेणे. गावात पोहोचावे तर कर्मचारी बाजाराला गेलेला. मग पानठेल्यावर निरोप ठेवून रिकाम्या हाताने परतायचे.

त्या पद्धतीत आणखी एक दोष होता आणि तो मी लपवणार नाही. माझ्या आधीच्या कोषाध्यक्षाच्या काळातल्या 11 पावत्यांचा हिशेब कधीच लागला नाही. पैसे फार नव्हते, पण तो माणूस प्रामाणिक होता की नव्हता यावर तालुक्यात दोन तट पडले आणि ते पुढे कितीतरी वर्षे एकमेकांच्या लग्नालाही गेले नाहीत. वर्गणी वेतनातून कापून धनादेशाने थेट संघटनेच्या खात्यावर जमा होऊ लागली तेव्हा हा संशय संपला. किती जणांचे किती रुपये कापले, कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात गेले, हे आपल्याच कार्यालयाच्या नोंदीत राहू लागले. संघटनेच्या पैशाला सरकारी हिशेबाची शिस्त लागली ती या रकान्यामुळे. ज्या पद्धतीने हिशेब स्वच्छ झाला तीच पद्धत स्वच्छ कारभाराच्या नावाखाली बंद व्हावी, हे मला समजत नाही.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार 'खासगी वसुली' या शब्दांविषयी आहे. वेतन देयकात डाव्या बाजूला मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे असते आणि उजव्या बाजूला कपाती असतात. त्यातल्या काही शासनाच्या असतात : व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधी किंवा नव्या लोकांची राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची 10 टक्के रक्कम, गटविमा, आयकर. बाकीच्यांना आम्ही देयकाच्या भाषेत अशासकीय कपाती म्हणतो. त्यात कर्मचारी पतसंस्थेचा हप्ता येतो, आयुर्विम्याचा हप्ता येतो, काही ठिकाणी बँकेच्या कर्जाचा हप्ता येतो. पतसंस्थेच्या कपातीला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 चा आधार आहे आणि ती कापणे कार्यालयावर बंधनकारक आहे, हे मला ठाऊक आहे, त्यामुळे तिच्याशी मी तुलना करणार नाही. पण विम्याच्या हप्त्याचे काय? तो कर्मचारी आणि विमा महामंडळ यांच्यातला करार आहे. त्याची वसुली आपली यंत्रणा वर्षानुवर्षे करते, त्यासाठी लिपिकाचे तास खर्च होतात, आणि ते योग्यच आहे, कारण कर्मचाऱ्याने तसे लेखी सांगितलेले असते. राज्यात पूर आला किंवा महामारी आली की एक दिवसाचे वेतन मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कापण्याचे आदेश येतात, आणि त्या वेळी ज्याला द्यायचे नसेल त्यानेच तसे लेखी कळवायचे असते. अशा कपाती मी स्वतः केल्या आहेत आणि माझ्याही वेतनातून त्या झाल्या आहेत. त्याबद्दल माझी कुरकुर नाही. मात्र कर्मचाऱ्याने 'नको' म्हटले नाही तेवढ्यावर एक दिवसाचे वेतन कापणारी यंत्रणा, त्याच कर्मचाऱ्याने 'कापा' म्हणून सही करून दिलेले 30 रुपये कापायला खासगी काम म्हणून नकार देते, तेव्हा अडचण यंत्रणेची आहे असे म्हणता येत नाही. उजव्या बाजूच्या सगळ्या अशासकीय रकान्यांतून नेमका एकच रकाना पुसला गेला आहे, आणि तो निवडून पुसला गेला आहे.

दुसरी तक्रार त्याहून साधी आहे आणि हिशेबाची आहे. फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांच्या वेतनातून वर्गणी कापली गेली. ती कर्मचाऱ्यांच्या वेतनचिठ्ठीत दिसते. हे पत्र लिहीपर्यंत ती संघटनांच्या खात्यात जमा झालेली नाही. कापलेली रक्कम कार्यालयाची नसते. ती काही दिवस कार्यालयाकडे ठेवीसारखी असते आणि ज्याच्या नावाने कापली त्याला पोहोचवायची असते, हे नव्या लिपिकाला पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. माझ्या सेवेत पतसंस्थेचा धनादेश चार दिवस उशिरा गेला म्हणून मला लेखी खुलासा द्यावा लागला होता. इथे दोन महिन्यांचा खुलासा कोणी कोणाला मागावा?

तिसरी तक्रार अशी की, ही कपात ज्या संमतीपत्रांवर चालू होती ती रद्द कोणी केली, याचा उल्लेख पत्रात नाही. प्रत्येक सभासदाने आहरण व संवितरण अधिकाऱ्याला, म्हणजे वेतनाची रक्कम काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याला, उद्देशून सही केलेले पत्र देयक शाखेच्या नस्तीत लावलेले आहे. ते मागे घेण्याचा अधिकार त्या सभासदाला आहे. संघटनेलाही तो नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे अर्थ विभागालाही नाही. एकाही संघटनेला बैठकीला बोलावले नाही, लेखी म्हणणे मागितले नाही, महिनाभराची मुदतही दिली नाही.

चौथी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या दालनात संघटनेचे पदाधिकारी निवेदन घेऊन येतात तेव्हा त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो की, तुमचे सभासद किती? प्रश्न रास्त आहे. पाच माणसांची संघटना आणि पाचशे माणसांची संघटना यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पण त्या प्रश्नाचे सर्वांत विश्वासार्ह उत्तर आपल्याच वेतन देयकात होते. केंद्र सरकारने आपल्या कर्मचारी संघटनांच्या मान्यतेसाठी 1993 साली नियम केले. त्यात एखाद्या संवर्गातले किमान 35 टक्के कर्मचारी सभासद असावेत अशी अट आहे, दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेसाठी ती 15 टक्क्यांपर्यंत खाली येते, आणि ही सभासदसंख्या वेतनपटातून होणाऱ्या वर्गणीच्या कपातीवरूनच पडताळली जाईल असे त्याच नियमांत म्हटले आहे. म्हणजे ज्या कपातीला आपले पत्र खासगी वसुली म्हणते, ती केंद्राच्या लेखी सभासद मोजण्याचे माप आहे.

यावर कोणी म्हणेल की ते माप आता जुने झाले. तेही मी वाचलेले आहे. भारतीय अन्न महामंडळाच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली म्हटले होते की, वर्गणीच्या कपातीवरून बहुमत ठरवण्याची पद्धत आता पूर्वीसारखी पसंतीची राहिलेली नाही, आणि न्यायालयाने गुप्त मतदानाची रीत घालून दिली होती. मला ते मान्य आहे. माणूस वरिष्ठांच्या भीतीने किंवा शेजारच्या टेबलाच्या आग्रहाने संमतीपत्रावर सही करू शकतो, पण मतपेटीत चिठ्ठी टाकताना तो एकटा असतो. मग आपण गुप्त मतदान घ्या. संघटना त्याला तयार आहेत. आपण मतदानही घेणार नाही, कपातही ठेवणार नाही आणि दालनात मात्र सभासद किती म्हणून विचारणार असाल, तर त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची कोणतीही वाट आपण शिल्लक ठेवलेली नाही.

पाचवी गोष्ट तक्रार म्हणावी की योगायोग, हे आपण ठरवा. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते आणि डिसेंबर आला की विदर्भातले सगळे दुःख यशवंत स्टेडियमपासून चालत निघते व पोलिसांच्या अडथळ्यांपाशी येऊन थांबते. गेल्या डिसेंबरात आपल्या जिल्ह्यातील कर्मचारीही तिथे होते. रखडलेली प्रवास भत्त्याची देयके, रिक्त पदांमुळे एका सेविकेकडे असलेली दोन उपकेंद्रे आणि पदोन्नतीच्या याद्या, या तीन मागण्या होत्या. गाड्यांचे भाडे आणि दोन दिवसांच्या जेवणाचा खर्च वर्गणीतून झाला. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी हे पत्र निघाले. मी कोणाच्या मनात शिरून हेतू सांगू शकत नाही. परंतु ज्यांच्यावर हे पत्र लागू झाले त्यांच्या मनात हा हिशेब आपोआप मांडला गेला आहे, एवढे आपल्याला कळावे.

संघटनांनी मोबाईलवरून वर्गणी घ्यावी, असे आपल्या एका अधिकाऱ्यांनी तोंडी सुचविल्याचे समजते. तरुण मुले घेतीलही. माझ्या सुनेच्या उपकेंद्रात मात्र नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहावे लागते, ऑनलाइन नोंदी भरण्यासाठी ती रोज संध्याकाळी तिथे उभी असते, आणि त्या नोंदी वेळेत आल्या नाहीत तर आपलेच कार्यालय तिला नोटीस काढते. तालुक्याच्या कोषाध्यक्षाने दर महिन्याला तीनशे-चारशे लोकांना आठवण करून 30-30 रुपये गोळा करावेत, हे सांगायला सोपे आहे. पगार टेबलावर मिळत होता तोवर वर्गणीही टेबलावर मागता येत होती. कारखान्यांतल्या कामगारांसाठी आपल्या राज्याने संघटनांच्या मान्यतेचा जो कायदा 1971 साली केला, त्याने मान्यताप्राप्त संघटनेला जिथे पगार वाटला जातो त्या जागेवर वर्गणी गोळा करण्याचा हक्क दिला होता. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की पगाराच्या जागेपासून वर्गणी दूर नेली की ती आटते. आज पगाराची जागा म्हणजे संगणकातले देयक आहे. कडुनिंबाखाली बसायला आता कोणी येत नाही, आणि तो कडुनिंबही नव्या इमारतीसाठी तोडला गेला.

इतके लिहिल्यावर आमच्या बाजूचे दोषही मांडले पाहिजेत, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल.

1996 साली तालुकाध्यक्षांनी मला एक यादी दिली आणि सर्वांची वर्गणी कापा असे सांगितले. यादीत सभासद नसलेलेही होते. मी कोणाची सही न पाहता सगळ्यांची वर्गणी कापली. दुसऱ्या महिन्यात एक ग्रामसेवक माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "माझे पैसे कोणाला विचारून दिले?" मला उत्तर नव्हते. ती रक्कम मी माझ्या खिशातून परत केली आणि त्यानंतर सही असलेल्या कागदाशिवाय एकही नाव घेतले नाही. आजही काही तालुक्यांत अशा सहीविना कपाती चालू असतील, तर त्या बंद करा, आणि त्या करणाऱ्या लिपिकाला व करवणाऱ्या पदाधिकाऱ्याला दोघांनाही जाब विचारा. दुसरा दोष असा की, पैसे आपोआप खात्यात येऊ लागल्यावर पुढारी गावोगाव फिरेनासे झाले. मी सायकलने जात होतो तेव्हा वर्गणीबरोबर लोकांची गाऱ्हाणीही घेऊन येत होतो. ते बंद झाले. काही संघटनांचा हिशेब सभासदांना वर्षानुवर्षे दिसत नाही, हेही खरे आहे. नोंदणीकृत कामगार संघटनेला 1926 च्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब निबंधकाकडे द्यावा लागतो, आणि राजकीय कामासाठी पैसा वापरायचा तर त्यासाठी वेगळा निधी ठेवावा लागतो, ज्यात पैसे देण्याची सक्ती कोणत्याही सभासदावर करता येत नाही. त्या तरतुदींची आठवण आपण संघटनांना करून दिलीत, तर मी स्वतः तुमच्या बाजूने बोलेन.

पण हे दोष दुरुस्त करण्याची भाषा आपल्या पत्रात कुठेच नाही. बांधावरचे तण काढायचे म्हणून कोणी उभ्या पऱ्हाटीत बैल घालत नाही.

वर्गणी कशासाठी असते, तेही सांगणे मला भाग आहे. माझ्या सेवेत आमच्या पंचायत समितीतला एक परिचर सर्पदंशाने गेला. संघटनेने त्याच्या बायकोला त्याच आठवड्यात मदत दिली, कारण खात्यात पैसे होते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव मात्र 14 महिने फिरत राहिला. त्यातले चार महिने तो माझ्याच टेबलावर पडून होता. सेवापुस्तकातल्या एका नोंदीवर सही नव्हती आणि ती मिळवायला मी उठलो नाही, हे आज लिहिताना मला लाज वाटते. संघटनेचा तालुका सचिव दर सोमवारी येऊन माझ्यासमोर बसायचा. तो भांडत नसे, नुसता बसायचा. शेवटी मी उठलो. साहेब, कार्यालयात समोर येऊन बसणारा कोणी नसेल तर आमच्यासारखी माणसे उठत नाहीत. त्या सचिवाचे येण्याजाण्याचे भाडे वर्गणीतून निघत होते.

माझे वडील शिक्षक होते. 1977-78 च्या 54 दिवसांच्या संपात ते घरी होते आणि आम्ही भावंडे आजोळच्या वावरात कापूस वेचायला जात होतो. मार्च 2023 मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभरातील कर्मचारी सात दिवस संपावर गेले, त्यात माझी सून होती. दोन्ही वेळी पगाराची चिंता घरात आली. दोन्ही वेळी ती चिंता वाटून घ्यायला संघटना होती. त्या संपांचे बरे-वाईट काय असेल ते असो, पण सरकारने दोन्ही वेळी बोलणी केली ती कोणाशी तरी केली. बोलायला समोर कोणी असणे ही प्रशासनाचीही गरज असते.

हा वाद केवळ आपल्या जिल्ह्याचा नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने 2011 साली बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांची वर्गणी वेतनातून कापण्यास बंदी केली आणि फ्लोरिडाने 2023 साली तेच केले. दोन्ही ठिकाणी पोलीस आणि अग्निशमन दलाच्या संघटनांना मात्र वगळले. शिक्षकाची वर्गणी कापली तर ती खासगी वसुली आणि पोलिसाची कापली तर नाही, हा भेद तिथल्या लोकांनाही पटला नसावा. ब्रिटनने 2016 साली कायदा केला तेव्हा निदान एवढे म्हटले की, कर्मचाऱ्याला वर्गणी दुसऱ्या मार्गाने भरण्याची मोकळीक असावी आणि कपातीचा वाजवी खर्च संघटनेने कार्यालयाला द्यावा, मग कपात चालू ठेवता येईल. आपल्या पत्रामागे खर्चाचा प्रश्न असेल तर तसे सांगा. संघटना खर्च भरतील. माझ्या अनुभवाने सांगतो, नाव एकदा प्रणालीत भरले की ते दर महिन्याला आपोआप येते, आणि मासिक काम एका बेरजेचे व एका भरण्याचे उरते.

कायद्याविषयी एकच गोष्ट. वेतन प्रदान अधिनियम, 1936 च्या कलम 7 मध्ये वेतनातून कोणत्या कपाती करता येतात त्याची यादी होती आणि कर्मचाऱ्याच्या लेखी संमतीने नोंदणीकृत कामगार संघटनेची वर्गणी कापणे त्या यादीत होते. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही ती तरतूद कायम ठेवली आहे. जिल्हा परिषदेच्या कोणत्या संवर्गाला यातले काय थेट लागू होते, याचा कीस काढण्याचे हे ठिकाण नव्हे आणि मी वकीलही नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, देशाच्या कायद्याने ज्या कपातीला नाव घेऊन जागा दिली आहे, तिला एका जिल्ह्याच्या पत्राने गैर ठरवणे शोभत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

फेब्रुवारी व मार्च या महिन्यांत कापलेली वर्गणी पंधरा दिवसांच्या आत संबंधित संघटनांच्या खात्यात जमा करावी आणि तालुकानिहाय यादी द्यावी. ही मागणी पहिली आहे, कारण तिच्यासाठी कोणत्याही धोरणाची गरज नाही.

मार्चचे पत्र स्थगित करावे आणि सर्व संघटनांना, लहान-मोठ्या सगळ्यांना, एकत्र बोलावून त्यांचे म्हणणे इतिवृत्तात घ्यावे.

त्यानंतर कपात पुन्हा सुरू करताना जुन्या याद्या आहेत तशा उचलू नयेत. प्रत्येक कर्मचाऱ्याकडून नवे संमतीपत्र घ्यावे, ते दर एप्रिलमध्ये एक ओळीच्या अर्जाने मागे घेण्याची सोय असावी, आणि तो अर्ज संघटनेकडे न जाता थेट देयक शाखेकडे जावा, म्हणजे कोणाला कोणाची भीड पडणार नाही. ज्या संघटनेने मागील वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब सभासदांसाठी सूचना फलकावर लावला नसेल, तिची कपात हिशेब लागेपर्यंत रोखून ठेवावी. ही अट माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवडणार नाही. तरीही ती घालावी.

सभासदसंख्येचा वाद असेल तर गुप्त मतदान घ्यावे आणि त्याची तारीख जाहीर करावी. आणि यापैकी काहीच करायचे नसेल, तर ज्या नियमाखाली किंवा शासन निर्णयाखाली ही कपात बंद केली त्याचा क्रमांक व दिनांक लेखी कळवावा. मार्चच्या पत्राच्या 'संदर्भ' या रकान्यात काहीही लिहिलेले नाही. मी लिपिक असताना संदर्भ नसलेले पत्र माझे साहेब सहीला घेत नसत.

या पत्राची एक प्रत मी सोमवारी आपल्या कार्यालयाच्या आवक शाखेत स्वतः आणून देणार आहे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी जाणार नाही, आणि उत्तर येईपर्यंत त्यापुढच्या प्रत्येक सोमवारी येऊन अर्थ विभागाच्या बाकावर बसेन.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त वरिष्ठ सहायक, पंचायत समिती